बोलघेवड्याचं फोल्डर

"फोल्डरला माऊसनं हात लावायचा नाही!" हे वाक्य त्या प्रयोगशाळेत इतक्यांदा ऐकू यायचं की भिंतींनाही पाठ झालं असावं. म्हणणारी एकच, डेटा सांभाळणारी. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे हेडमास्तरीण. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

काम आवाजांचं होतं. आजारपणात ज्याचं स्वरयंत्र काढावं लागणार, त्याचं बोलणं आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं आणि तो आवाज मशीनला शिकवायचा. पुढे तो माणूस टाइप करेल ते मशीन त्याच्याच आवाजात बोलणार. खरी रेकॉर्डिंगं सर्व्हरवरच्या कोठारात असत, टेबलावरच्या कॉम्प्युटरमधल्या फोल्डरात नुसती त्यांची वाट दाखवणारी नावं. प्रत्येक फोल्डरशेजारी, या सगळ्याचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, म्हणजे टूलनं, लिहिलेली एक चिमुकली फाईल असे. तिला सगळे चिठ्ठी म्हणत. कोठारातला कुठला माल कामाचा, हे चिठ्ठीवरून ठरायचं. म्हणून फोल्डरचं नाव बदलायचं किंवा ते हलवायचं, तर टूलला कमांड देऊन, म्हणजे फोल्डरबरोबर चिठ्ठीही बदलते. माऊसनं बदललं तर चिठ्ठी जुन्याच नावाला धरून बसते. आणि चिठ्ठीच गेली, तर आठवड्याची सफाई कोठारातला माल बेवारस समजून पुसून टाकते, राखीव प्रतीसकट.

"आणि जिच्या शेजारी फोल्डर नाही ती चिठ्ठी मेलेली," ताई बजावायची. "दिसली की उडवायची. मला विचारत बसू नका, मला दुसरी कामं आहेत."

मग तिच्या धाकट्या भावाच्या घशात गाठ निघाली.

हा भाऊ बाजारात लिलाव पुकारायचा. तोंडाचा पट्टा असा, की लहानपणी आई म्हणायची, याला झोपेतही कुणीतरी गिऱ्हाईक भेटतं. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदाच तो गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, तुझ्या त्या काचेच्या खोलीत मला कोंड. माझी चिमणी अजून वाचायला शिकली नाही गं. लिहून काय दाखवू तिला?"

तो रोज येऊन बसू लागला. नेमून दिलेली वाक्यं वाचून झाली की आपल्या पदरची घालायचा. "चिमणे, ऊठ, उजाडलं." "चिमणे, अंधाराला भिऊ नको, मी आहे." बाहेर हेडफोन लावून बसलेली ताई डोळे पुसायची आणि काचेतून त्याला अंगठा दाखवायची.

शेवटच्या दिवशी त्यानं तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. फोल्डरचं नाव होतं 'रुग्ण-एकवीस'.

"वा! सख्खा भाऊ, आणि कैद्यासारखा नंबर?"

"नियम आहे. खरं नाव लिहायचं नाही."

"मग बोलघेवडा लिही. ते कुठं माझं नाव आहे? ती तर बदनामी आहे."

ती खळखळून हसली. कित्येक दिवसांनी हसली, आणि हसता हसता हात माऊसवर गेला. क्लिक केलं, 'बोलघेवडा' लिहिलं. तो एवढा खूश झाला की कमांड मागाहून नीट देऊ, असं तिनं मनाशी म्हटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, आणि हॉस्पिटलच्या त्या बाकावर कसली कमांड आणि कसलं काय.

ती रजेवर असताना सफाई तिच्या हाताखालच्या इंजिनिअरनं केली. सांगितलं तेवढं चोख करणारा माणूस. त्याला 'रुग्ण-एकवीस'ची चिठ्ठी दिसली, शेजारी फोल्डर दिसलं नाही. त्यानं चिठ्ठी उडवली आणि सफाई चालवली.

भाऊ घरी आला तो गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन. फोनमध्ये तयार आवाज होता, पण त्यानं पाटीवर लिहिलं, "परक्याच्या तोंडानं मी लेकीशी बोलणार नाही. थांबेन." बाबाचा आवाज मशीनमध्ये शिजायला ठेवलाय, असं चिमणीला सांगितलं होतं. ती त्याच्या मांडीवर बसून पाटीवरची अक्षरं बोटानं पुसायची आणि ताई आली की विचारायची, "आत्या, बाबाचा आवाज शिजला का?"

"शिजतोय गं."

रजा संपली तशी मशीनला आवाज शिकवायला ताईनं पहिलं ते फोल्डर उघडलं. सगळ्या फाईली जागच्या जागी, नावानिशी. तिनं 'चिमणे ऊठ' वर क्लिक केलं. फाईल सापडत नाही. पुढची. सापडत नाही. जुन्या नोंदींतून चिठ्ठी परत मिळाली, पण ती ज्या मालाची, तो माल कोठारात नव्हता. राखीव प्रतीतही नव्हता. रेकॉर्डरमधलं कार्ड तिनंच नियमाप्रमाणे पुसलं होतं. फोनवर त्याचे बाजारातल्या गोंगाटातले दोनचार तुकडे होते, त्यांतून आवाज उभा राहत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

"ताई, शेजारी फोल्डर नव्हतं हो," इंजिनिअर रडकुंडीला आला. "तुम्हीच म्हणाला होतात, विचारत बसू नका."

"मीच म्हणाले होते," ती म्हणाली. "तू बरोबर केलंस." कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडावंसं तिला फार वाटत होतं, पण डोकं एकच होतं आणि ते तिचं होतं.

दुपारी ती भावाकडे गेली. भावजय कामावर होती, चिमणी आतल्या खोलीत खेळत होती. ताईनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. माऊस, चिठ्ठी, सफाई. "मी घालवला रे तुझा आवाज," म्हणाली आणि तिथंच जमिनीवर बसली.

त्यानं सवयीनं तोंड उघडलं. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा आली. मग त्यानं पाटी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि खाली ठेवली. फोन घेतला. सावकाश टाइप केलं.

"ताई, रडू नकोस," फोन बोलला. गुळगुळीत, कुणातरी अनोळखी पुरुषाचा आवाज. "चिमणीला मी सांगतो."

आतल्या खोलीतला खेळ थांबला.

"आत्या," चिमणीनं आतूनच विचारलं, "कोण आलंय?"