मालिनीच्या बाजूचं घड्याळ

मी एकतीस वर्षं एस.टी.त नोकरी केली. त्यातली शेवटची बारा वर्षं रत्नागिरी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे ते माईकवरून सांगणारा आवाज माझा. वेळेच्या बाबतीत मला कोणी शिकवावं असं मला कधी वाटलं नाही. म्हणून हे लिहायला थोडी लाज वाटते.

रिटायर झालो तेव्हा स्टँडवरच्या मंडळींनी मला मनगटी घड्याळ दिलं. त्यात आकडे नाहीत, नुसत्या बारा रेघा. मी घरी येऊन म्हणालो, "आकडे नसलेलं घड्याळ कसलं? स्वस्तात उरकलं असणार."

मालिनी, म्हणजे माझी बायको, जेवायच्या टेबलाशी माझ्यासमोर बसली होती. तिने तिच्या बाजूने घड्याळाकडे बघितलं आणि हसली. "अहो, माझ्या बाजूने सावनीची वेळ दिसते," ती म्हणाली.

सावनी आमची मुलगी. सहा वर्षांपूर्वी ती आणि जावई डब्लिनला गेले. ती तिथे एका लॅबोरेटरीत आहे. आपली आणि त्यांची वेळ साडेपाच तासांनी वेगळी. आपल्याकडे पावणेएक वाजतो तेव्हा तिकडे सकाळचे सव्वासात. आता घड्याळात पावणेएक असताना ते उलटं धरून बघा. सव्वासात दिसतात. मी चार वेळा वेगवेगळ्या वेळा लावून तपासलं. दर वेळी बरोबर.

"तुमच्या बाजूने रत्नागिरी, माझ्या बाजूने डब्लिन," मालिनी म्हणाली. "आता हात हलवू नका जेवताना. मुलीची वेळ हलते."

सव्वासातला आमची नात मनस्वी शाळेत जाण्याआधी नाश्ता करते. ती सात वर्षांची आहे आणि गोष्ट सांगितल्याशिवाय घास गिळत नाही. ती दहा मिनिटं मालिनीची. शनिवार-रविवार सोडून रोज फोन. गोष्ट एकच, न संपणारी. गणपतीपुळ्याची एक कोंबडी बिनतिकीट एस.टी.त चढते आणि हर्ण्याला निघते. कशाला, ते मालिनीने कोणाला सांगितलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर बाराव्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता मालिनी खाली बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत गेली होती. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

सावनी आली, पंधरा दिवस राहिली आणि परत गेली. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी पावणेएकला फोन वाजला. मनस्वी होती. रडत वगैरे नव्हती. तिने सरळ विचारलं, "आजोबा, कोंबडीला गाडी मिळाली का?"

मला काही कळेना. मग सावनीने समजावलं, की आईने कोंबडीला रत्नागिरी स्टँडपर्यंत आणून सोडलं होतं. तेव्हापासून ती तिथे उभी आहे.

आता माझ्याच स्टँडवर प्रवासी उभा राहिला म्हटल्यावर मी काय करणार? मी घसा साफ केला आणि माईकवर बोलायचो तसं म्हणालो, "रत्नागिरीहून हर्ण्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सातला लागली आहे."

तिकडे मनस्वीने टाळ्या वाजवल्या आणि घास गिळला. सावनी म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही करा हं फोन. आई करायची तसा."

तेव्हापासून ते माझं काम झालं. मी सकाळी आठला भाट्याच्या खाडीपलीकडे आमच्या बागेत जातो. चाळीस हापूसची कलमं आहेत. तिथे फोनला रेंज नाही म्हणून फोन घरीच ठेवतो. साडेबाराला परत येतो. हात धुतो, घड्याळ काढून टेबलावर ठेवतो आणि मालिनीच्या खुर्चीत बसतो. तिथून सव्वासात झालेले दिसले की फोन लावतो. चार महिन्यांत मी कोंबडीला चिपळूणपर्यंत नेलं. तेवढी हळू गाडी एस.टी.च्या इतिहासात झाली नसेल. पण मला घाई नव्हती. दिवसभरात मी कोणाशी धड बोलायचो ते एवढंच.

यंदा पाडव्याला आम्ही गुढी उभारली नाही, वर्षाच्या आतलं म्हणून. पाडवा रविवारी होता. सोमवारी मी नेहमीसारखा खुर्चीत बसलो आणि सव्वासात बघून फोन लावला.

"बाबा, गाडीत आहे मी," सावनी म्हणाली. मागे हॉर्न वाजत होते. "मनस्वीला सोडतेय. नंतर करते." फोन बंद.

सव्वासातला शाळा? मला वाटलं, असेल काहीतरी, सहल वगैरे. नंतर म्हणजे तिची सुट्टी झाल्यावर, आपल्याकडचे साडेनऊ. मी नऊला फोन बंद करून झोपतो. सकाळच्या ड्युटीची सवय.

मंगळवारी बागेतून आलो तर फोनवर तिचा मिस्ड कॉल होता, अकरा सेहेचाळीसचा. मी बागेत असतो हे तिला चांगलं माहीत आहे. मी पावणेएकला लावला, तिने उचलला नाही.

बुधवारी परत तेच. अकरा सेहेचाळीसला मिस्ड कॉल.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी नसतो ती वेळ बघून फोन करायचा, म्हणजे केलासुद्धा आणि बोलायलाही नको. स्टँडवर असे प्रवासी मी पुष्कळ पाहिलेत. गाडी सुटल्यावर येतात आणि म्हणतात, मी तर वेळेवर होतो. मालिनी होती तोवर माहेर होतं. आता म्हाताऱ्याची रटाळ कोंबडी रोज कोण ऐकणार? बुधवारी मी फोन केला नाही. घड्याळ मनगटावरून काढलंच नाही. माझ्याच खुर्चीत बसून जेवलो.

गुरुवारी आमच्या बागेत कामाला असतो तो धाकू म्हणाला, "तात्या, आज घरी जायाची घाई नाय तुमाला? फोन नाय काय?"

"नाही."

"भांडलात काय लेकीशी?"

"तू आंबे काढ."

"काढतो. पण तोंड आसं केलात तर आंबे पिकायचे नाईत, आंबट व्हतील." झेल्याच्या, म्हणजे आंबे काढायच्या काठीच्या, जाळीत आलेला आंबा त्याने माझ्यापुढे धरला. मी हसलो नाही. त्याने तो गुपचूप पेटीत ठेवला.

घरी आलो तेव्हा गंगा भाकऱ्या करत होती. मालिनी गेल्यापासून स्वयंपाक तीच करते. मिस्ड कॉल होताच. मी फोन पालथा घातला.

"तात्या, रामनवमी रयवारची का सोमवारची?" तिने आतून विचारलं.

"कॅलेंडर बघ की."

"काय बघू? तुमच्या भिंतीवर नोव्हेंबर लागलाय."

खरं होतं. मी नोव्हेंबर उलटला नव्हता. नवीन वर्षाचं कॅलेंडरही लावलं नव्हतं. ते मालिनीने दिवाळीतच आणून ठेवलं होतं, कपाटामागे रबर लावून. तिची एक पद्धत होती. नवीन कॅलेंडर आलं की जुनं शेजारी उघडून बसायचं आणि वाढदिवस, श्राद्धं, गॅस कधी लागला, सगळं नव्यात उतरवून काढायचं. दुपारभर ते चालायचं. मी म्हणायचो, एवढं ऑडिट आमच्या डेपोतसुद्धा होत नाही.

मी कपाटामागून कॅलेंडर काढलं. रबर तुटलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असं उलटत एप्रिल शोधत होतो. मार्चमध्ये हात थांबला. तीस तारखेच्या चौकोनात गुढीपाडवा छापलेला आणि त्याखाली तिचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर.

"सावनीकडे काटा पुढे. ह्यांचं घड्याळ अधिक १. फोन ११.४५."

मी ते तीनदा वाचलं.

"रयवारच ना?" गंगाने विचारलं.

"थांब जरा."

मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवून मागे उलटलं. मागच्या वर्षीच्या मार्चच्या शेवटच्या रविवारीही तेच. नव्यात ऑक्टोबर काढला. शेवटच्या रविवारी, "काटा मागे. फोन १२.४५."

मग मी सावनीला फोन लावायचा सोडून आधी मेसेज उघडले. मेसेज मी बघत नाही, कारण त्यात स्टँडवरच्या जुन्या मंडळींची सकाळची फुलं असतात. सावनीला शोधायला बरीच फुलं सरकवावी लागली. सोमवारचा मेसेज होता. "बाबा, इथे रविवारपासून वेळ बदलली ना, आता पावणेबाराला करा." मंगळवारचा होता, "बाबा, मनस्वी वाट बघते." बुधवारचा होता, "बाबा, बरे आहात ना? बोलावंसं वाटत नसेल तर राहू दे. पण एकदा सांगा." गुरुवारच्या सकाळचा नुसता "बाबा?" होता.

तिकडे आठ वाजून गेले होते, म्हणजे ती परत गाडी चालवत असणार. ह्या वेळी मी हिशेब बरोबर केला आणि फोन लावला नाही. मेसेज लिहिला. मला बोटाने लिहायला वेळ लागतो. "बरा आहे. उद्या ११.४५. चूक नियंत्रकाची."

"रामनवमी रविवारीच," मी गंगाला सांगितलं.

"एवढा वेळ लागला व्हय बघायला?"

शुक्रवारी बागेत सव्वाअकराला मी चपला घातल्या. धाकू झाडावरून ओरडला, "तात्या, आजून दोन झाडां हायत!"

"माझी गाडी आहे."

"कुठं चाललात?"

"डब्लिन!"

"मंग माज्यासाठी साबण आना!"

मी घरी आलो. ह्या वेळी मी माझ्याच खुर्चीत बसलो. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून मालिनीच्या जागेवर उभा केला आणि व्हिडिओ लावला. पहिल्या रिंगला उचलला. सावनी होती. केस विंचरायचे राहिलेले.

"बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"आईने मला कधी विचारलंच नाही हो. दर वर्षी त्या सोमवारी बरोबर पावणेबाराला तिचा फोन. मला वाटलं तुम्हालाही माहीत असेल."

मला कसं असणार? उन्हाळ्यात मालिनी पावणेबाराला बोलून घ्यायची तेव्हा मी बागेत. जेवताना मी विचारायचो, फोन झाला? ती म्हणायची, झाला. पाच उन्हाळे मी एवढंच विचारलं. कधी झाला, ते विचारलं नाही.

"मला वाटलं तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाही," सावनी म्हणाली.

"मला वाटलं तुला."

मग मी म्हणालो, "पण हे काय आहे? अख्खा देश घड्याळ पुढे करतो?"

"इथे उन्हाळ्यात फार लवकर उजाडतं. म्हणून मार्चमध्ये एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरमध्ये परत मागे. रात्री एक वाजला की लगेच दोन."

"म्हणजे दीडची गाडी?"

"ती सुटतच नाही बाबा."

"आणि तिचे प्रवासी?"

"बाबा, माझ्याकडे आठ मिनिटं आहेत. आता बोला तिच्याशी." ती हसत बाजूला झाली. बऱ्याच दिवसांनी हसताना दिसली. नाक मालिनीसारखं वर जातं तिचं.

मनस्वी समोर आली. पुढ्यात वाटी. चेहरा तक्रारीचा. "आजोबा, चार दिवस कोंबडी चिपळूणला उभी आहे. तिला भूक लागली असेल."

"माझी चूक झाली. मी उशिरा येत होतो."

"तुमचं घड्याळ बिघडलंय का?"

"नाही. हे बघ." मी हात टेबलावर ठेवला. मालिनीसमोर ठेवायचो तसाच, न हलवता.

ती फोनमध्ये वाकून बघायला लागली. त्यांना शाळेत सध्या घड्याळच शिकवतात. तिने तोंडातल्या तोंडात रेघा मोजल्या. "पाच, दहा, पंधरा. सहा... सव्वासहा!"

ती समोरून, मालिनीच्या बाजूने बघत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या बाजूने पावणेबारा वाजले होते.

"चुकलं?" तिने विचारलं.

"नाही. त्यात एक मिळव."

"सव्वासात! आजोबा, आमच्याकडे पण सव्वासातच वाजलेत!"

"मग बरोबर आहे. आता घास घे."

तिने घास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी घसा साफ केला.

"चिपळूणहून खेडमार्गे हर्ण्याकडे जाणारी गाडी," मी म्हणालो, "चार दिवस उशिराने, फलाट क्रमांक तीनला लागली आहे."