चार फोडींना लागणारा वेळ

सात वर्षांच्या मुलीच्या आईला प्रयोगशाळेकडून फक्त एक चिठ्ठी हवी होती. शाळेत डब्यासाठी पंधरा मिनिटे मिळत. घंटा झाली की शिक्षिका झाकण लावायला लावत. अर्धा डबा रोज घरी परत येई आणि मुलीचे वजन घटत चालले होते. चिठ्ठी आणली तर दहा मिनिटे वाढवून देऊ, असे शाळेने कळवले होते.

प्रयोगशाळेच्या विभागप्रमुखांना नव्या निबंधासाठी आकडा हवा होता. या मुलीसारख्याच, दुभंगलेले ओठ आणि टाळू शिवलेल्या मुलांच्या चावण्याच्या स्नायूंवर त्यांचे चार निबंध प्रसिद्ध होते. त्यांपैकी एकाही मुलाला जेवताना त्यांनी पाहिले नव्हते. विद्वत्तेत एवढे चालते.

तंत्रज्ञ बाईंनी मुलीच्या दोन्ही गालांवर स्नायूंचा जोर मोजणाऱ्या तारा चिकटवल्या.

"दात घट्ट आवळ बघू, बाळ."

पडद्यावरची उजव्या गालाची रेघ जेमतेम हलली.

"झोपलीस की काय? जोर लाव!" प्रमुख म्हणाले. रेघ तेवढीच. "लिहा. प्रयत्न अपुरा, सहकार्य नाही."

"सर, उजवीकडचे तिचे दात एकमेकांवर बसतच नाहीत. आवळणार कशावर?"

"तुलनेचा आकडा ठरलेला आहे, बाई."

तो ज्या मुलांवरून ठरला होता, त्यांचे दात अर्थातच व्यवस्थित बसत होते.

"अहो, तिला खायला तरी देऊन बघा," आई म्हणाली. "आजोबा तिला मालगाडी म्हणतात. हळू जाते, पण पोचते."

तिने पिशवीतून सफरचंदाच्या चार फोडी काढल्या. मुलगी चावू लागली आणि डाव्या गालाची रेघ उसळली. उजवी निपचित. डावा स्नायू दोघांचे काम एकटा उपसत होता. दोन घासांच्या मध्येही त्याला विसावा नव्हता.

बाराव्या मिनिटाला प्रमुखांनी घड्याळ पाहिले. "उरलेलं तुम्ही आटपा. चिठ्ठी टेबलावर ठेवा, सही करतो."

सहकार्य कोणी सोडले, हे नोंदवायला तक्त्यात रकाना नव्हता.

"पोचली मालगाडी," शेवटचा घास गिळून मुलीने प्रमुखांच्या रिकाम्या खुर्चीला कळवले. एकोणीस मिनिटे झाली होती.

बाईंनी चिठ्ठी लिहिली : 'एकाच बाजूने चावते. चार फोडींना एकोणीस मिनिटे. हा आळस नव्हे. घंटेनंतर दहा मिनिटे द्यावीत.' प्रमुखांनी, इतर सर्व कागदांप्रमाणे, तिच्यावरही न वाचता सही केली.

पाचव्या निबंधाच्या तळटीपेत ती मुलगी आहे : सहकार्याअभावी वगळली. डबा सोमवारपासून रिकामा येतो.