ओढ्यापलीकडे हाक

वेंडेलनं एकेकाळी दूध गाळलेलं लाकडी नरसाळं सकाळी धुऊन खुंटीला टांगलं होतं. सूर्य कड्याआड कलला, गाई दोहून झाल्या, तरी ते खाली उतरलं नाही.

त्या रविवारी दुपारीच चर्चपुढच्या सभेत हात वर झाले आणि लाउई गावची पंचायत बुडाली. नव्या वर्षापासून लाउई म्हणजे ओढ्यापलीकडच्या ताल्बाखचा एक तुकडा. वेंडेल घरी येऊन म्हणाला होता, "गावच राहिलं नाही, आता हाक कुणासाठी द्यायची?"

हाक म्हणजे सांजेची आळवणी. नरसाळं तोंडाला लावून कुरणावरचा गवळी मरियामातेला, संतांना गाऊन साकडं घालतो. आवाज पोचेल तिथवर त्या रात्री गुरामाणसांना धक्का लागत नाही. वेंडेल संतांमागून गावातल्या जागांची नावं गाई: होखरूटी, क्रुमाखर, आणि पणजोबांच्या काळी हिमलोटाखाली गाडली गेलेली आंटोनीची वाडी. तोंड तीनच दिशांना. ओढ्याकडे पाठ. त्या हिमलोटानंतर बर्फ वितळलं, तेव्हा दोन्ही गावांच्या हद्दीचा धोंडा चांगलं कुरणभर अलीकडे सापडला होता. लोटानं सरकवला की ताल्बाखकरांनी, देव जाणे. तेव्हापासून पाठ ती पाठच.

"काय बाबा, घसा बसलाय की नाक वर गेलंय?" दारात त्याची लेक प्लोनी, हातात टोपली. ताल्बाखच्या रेमिगीला दिलेली.

"या मालकीणबाई! आता आम्ही तुमच्या पदरी."

"चीज-बटाट्याची मॅकरोनी आणलीय. सोबतचा सफरचंदाचा गर वेगळा ठेवलाय, नाहीतर म्हणाल, ताल्बाखकरांना वाढायची रीत नाही."

"नाहीच आहे," म्हातारा मिशीत हसला. पण नरसाळ्याकडे बघेना.

प्लोनी चुलीपाशी टेकली. "लग्न झाल्यापासून रोज सांजेला दारात उभी राहते मी. कड्यावर आपटून तुमच्या गाण्याचं शेपूट तेवढं येतं. आमेनसुद्धा अर्धं. आणि आजपासून तेही नाही?"

"वाडवडिलांनी घातलेली रीत आहे, पोरी. मी कोण मोडणार?"

"आंटोनीची वाडी मातीत गेली, तिला रोज हाक मारता. मी तर जिती आहे ना, बाबा?"

वेंडेल मॅकरोनीवर झाकण ठेवून उठला, नरसाळं काढलं आणि बाहेरच्या क्रुसापाशी गेला. प्लोनी मागोमाग आली.

तीन दिशा नेहमीसारख्या झाल्या. मग तो वळला, ओढ्याकडे. मरियामाता आली, गुरांचा राखणदार संत वेंडेलिन आला आणि गाणं अडलं. जन्मभर समोर दिसणारा तो उतार. त्यावरच्या एकाही जागेचं नाव त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

नरसाळं खाली करून तो पुटपुटला, "प्लोने, ते पाइनच्या रांगेखालचं काय गं?"

"गाइसबोडन."

त्यानं ते गायलं. "त्याच्या खालचं?"

"म्यूलिमात."

"आणि ते निळं दार?"

"ते आमचं घर. त्याला कुठलं आलंय नाव!"

म्हाताऱ्यानं छाती भरून श्वास घेतला आणि संतांच्याच चालीवर, सावकाश, "प्लोनीचं घर" असं गायलं.

पलीकडे निळ्या दारापुढच्या अंगणात एक माणूस चालता चालता थांबला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"रेमिगी!" प्लोनी डोळे पुसत म्हणाली. "चर्चमध्येसुद्धा काढायची आठवण करावी लागते त्याला!"

वेंडेलनं आमेन पुरतं ओढलं.