बॉनेटवरची टकटक

मी एक जुना कॅमेरा आहे. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरातल्या एका पांढऱ्या मोटारीच्या काचेला आतून चिकटून राहतो. मित्रांनो, मोटार उभी असतानाही मी जागा असतो आणि तिला कोणाचा धक्का लागला की तेवढं चित्र टिपून ठेवतो. त्यासाठी लागणारी वीज मात्र तिच्याच बॅटरीतून पितो.

आमच्या इमारतींच्या आवारात जागा थोडी आणि मोटारी फार. म्हणून उशिरा येणारा आपली मोटार इतरांच्या पुढे आडवी लावतो आणि न्यूट्रलमध्ये सोडून जातो. ज्याला बाहेर पडायचं असेल त्याने ती हाताने ढकलायची. माझी मोटार कुक आजोबांची, तीही नेहमी अशीच उभी असे. त्यांच्या पत्नी ओकबुन आजी बाजारातून मुळे घेऊन आल्या की बॉनेटवर दोनदा टकटक करायच्या. "काय रे, जागा आहेस ना?" असं मला विचारायच्या. माझी एवढी विचारपूस दुसऱ्या कोणी कधी केली नाही.

पानगळीत आजी गेल्या. त्यांची शेवटची टकटक माझ्यात राहिली. आजोबा रोज खाली येऊन माझ्या छोट्या पडद्यावर ती पाहत बसायचे. मग त्यांच्या मनाने घेतलं की आजी पुन्हा येतील. बॅटरी उतरू लागली की मी आपोआप बंद व्हावं म्हणून एक मर्यादा लावलेली असते, तीच त्यांनी काढून टाकली. मी झोपायचंच नाही! 'उभी असताना धक्का लागला,' असं मी मोटार सुरू होताच बोलून सांगायचो, आणि आजोबा आजींना मुलीच्या नावाने हाक मारत कुजबुजायचे, "हेरिमची आई, तू होतीस ना?" खरं तर धक्का द्यायचे ते मोटार ढकलणारे शेजारी. तरी समोरच्या रिकाम्या जागेची मला भीती वाटू लागली.

कडाक्याच्या थंडीत एका सकाळी मोटार सुरूच होईना. मी तेवढा कसाबसा जागा होतो. त्यांची मुलगी हेरिम बॅटरीला जोडायच्या वायरी घेऊन आली.

"बाबा, परत? हा मेला सगळी बॅटरी पितोय! मर्यादा लावा की त्याला."

"मग तो झोपेल. तुझी आई आली तर कळणार कसं?"

हेरिम आत बसून माझी चित्रं चाळू लागली आणि एकदम दचकली. "बाबा, कार्डवरची धक्क्यांची जागा भरलीये. आता नवा धक्का बसला की सगळ्यात जुना पुसला जाणार. सगळ्यात जुनी आई आहे!"

तेवढ्यात मागून तळमजल्यावरच्या योम काकू आल्या. "बसली ना बॅटरी, आजोबा? थांबा, मी सरकवते." त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"हात लावू नका!" आजोबा ओरडत मध्ये पडले. "हेरिमच्या आईला हात लावू नका!"

काकू तिथेच थिजल्या. हेरिमने मला बंद करून कार्ड काढून घेतलं.

आजी आता हेरिमच्या घरी, संगणकात सुखरूप आहेत. माझ्यात नवं कार्ड आहे. मर्यादा परत लावली आहे, थंडी म्हणून जरा वरचीच, म्हणजे मी लवकर झोपतो. बॅटरी भरावी म्हणून आजोबा अधूनमधून लांब चक्करही मारतात. मित्रांनो, जे जिवापाड जपायचं ते वेळीच दुसरीकडे उतरवून ठेवा, आणि पहारेकऱ्याला झोपू द्या.

काल आजोबा हेरिमच्या मोटारीतून तिच्याकडे राहायला गेले होते. मर्यादा आली, माझे डोळे मिटू लागले, आणि बॉनेटवर दोनदा टकटक झाली. कोण आहे ते टिपायच्या आत मी बंद झालो.