विश्वंभररावांच्या मनगटावरचं डब्लिन

विश्वंभररावांच्या मनगटावर काशाचं घड्याळ आलं, तेव्हा अख्ख्या डोंगरकडा गावानं त्यांची फिरकी घेतली. "काशाचं हाय तर तळपायाला घासा, उष्णता उतरंल," असं पारावरून रोज कुणीतरी म्हणायचंच. माणूस वर्षातून दोनदा हिंगोलीच्या पलीकडे जाईना, आणि घड्याळ मात्र प्रवाशांचं! होतं आटोपशीर, त्यांच्या हाडकुळ्या मनगटालाही शोभणारं. मोठ्या तबकडीत इथली वेळ, आतल्या लहान तबकडीत डब्लिनची. तिथं लेक सृष्टी नर्स होती, तिनंच ते पाठवलं होतं.

आज मात्र ते घड्याळ त्यांचा जीव खात होतं. सृष्टीच्या पोटात गाठ निघाली होती. तिथल्या नऊला, म्हणजे आपल्या अडीचला, ऑपरेशन होतं. दोन तास लागतील, मग मैत्रीण फोन करेल, असं ठरलेलं. "बाबा, आईला सांगू नका, ती अन्नपाणी सोडेल," ही वर ताकीद.

बायको चतुराबाईंपासून एवढी मोठी गोष्ट लपवायची सवय विश्वंभररावांना नव्हती. सकाळपासून ते चारदा हळदीच्या वावरात गेले आणि चारदा परत आले. चहा पुढ्यात गार झाला. अडीच वाजले, साडेतीन वाजले, साडेचार काही केल्या वाजेनात. पाचव्यांदा वावरातून आले ते चिखलानं भरूनच. घड्याळ काढून त्यांनी कट्ट्यावर ठेवलं आणि न्हाणीत गेले.

अंग पुसत बाहेर येऊन पाहतात, तर कट्टा रिकामा. चतुराबाई सकाळपासून घरातलं सगळं तांबं-पितळ काढून घासत बसल्या होत्या, आणि आता चिंच न् राख लावून चक्क घड्याळ घासत होत्या.

"अगं, काय करून राहिलीस!"

"कळंक चढला होता किती! मनगट हिरवं होऊन राहिलं तुमचं. घरातलं कासं असं ठेवतेत व्हय?"

घड्याळ सोन्यासारखं लखलखत होतं, पण घासताना दोन्ही किल्ल्या फिरल्या होत्या. एक तबकडी सव्वासात दाखवत होती, दुसरी पावणेदोन. विश्वंभररावांचा तोल सुटला.

"काय केलंस हे? आता तिथं किती वाजले, कसं कळंल मला?"

चतुराबाईंनी मान वर केली नाही. "सव्वाअकरा," त्या म्हणाल्या. "दोन तास कवाच होऊन गेले."

विश्वंभरराव त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. बाबाला सांगू नको म्हणली, त्यांचं बीपी वाढतं." आता कुठे चतुराबाईंचे हात थांबले. विश्वंभररावांनी ते राखेचे हात आपल्या हातांत धरले. एवढा वेळ दोघं एकाच घरात एकटे-एकटे जळत होते, याचा त्यांना स्वतःवरच राग आला.

साडेपाचला फोन वाजला. ऑपरेशन नीट झालंय, असं मैत्रिणीनं सांगितलं आणि फोन सृष्टीच्या कानाला लावला.

"बाबा," गुंगीतला जड आवाज आला, "आईला सांगितलं नाही ना तुम्ही?"

चतुराबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. विश्वंभररावांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "तिला काईच ठाव न्हाई. भांडे घासून राहिली ती."