उत्तर येईपर्यंत

"प्रश्न तुम्हीच विचारता, रिनी, आणि उत्तरही तुम्हीच देता," हॅगनबाई म्हणाल्या. "मग मुलांनी काय करायचं?"

मी म्हटलं, ऐकायचं. त्या हसल्या नाहीत. आमच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात शिक्षक व्हायला आलेल्यांना त्या शिकवतात, आणि वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. मी दुसरीच्या वर्गावर घेतलेला पाठ त्यांनी नापास केला होता. अजून एक संधी होती. तीही हुकली तर पुढे विद्यापीठात जाण्याचं विसरायचं.

आता माझंही ऐका. पन्नाशीपर्यंत मी शाळेच्या भोजनगृहात वाढायला होते. तिथे प्रत्येक पोराला 'मका हवा का?' विचारून वाट बघत बसलं, तर रांग दाराबाहेर जायची. म्हणून 'मका हवा ना, घे' म्हणायचं आणि वाढून मोकळं व्हायचं. घरीही तेच. कॉलेजात नाव घालताना मी नवऱ्याला रीतसर विचारलं होतं, "चालेल ना, ड्वेन? चालेल, तुला काय!" आणि लगेच निघालेही होते.

प्रश्न विचारा आणि गप्प राहा, एवढाच उपाय हॅगनबाईंनी सांगितला. सरावासाठी मी ड्वेनलाच धरलं. तो धान्याचा ट्रक चालवतो, बोलणं मुळातच कमी. जेवताना मी विचारलं, दिवस कसा गेला? आणि ओठ मिटून त्याच्याकडे बघत राहिले. त्याने काटा खाली ठेवला.

"काय झालं?" तो म्हणाला. "डॉक्टर काही बोलले का?"

दुसऱ्या पाठाच्या दिवशी मी मुलांना विचारलं, बी जमिनीत उलटं पडलं तर कोंब कुठल्या बाजूला जाईल? पुढच्यांचे हात भराभर वर झाले. मी मात्र मागे बसलेल्या ब्रिनला विचारलं. ती वर्गात सहसा तोंड उघडत नाही. मी थांबले. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. हॅगनबाई हातातलं पेन फिरवत होत्या.

"वरच येईल," ब्रिन शेवटी म्हणाली. "बाबा यंत्राने पेरतात. यंत्राला कुठे उलटं-सुलटं दिसतं?"

मला त्या पोरीचा मुका घ्यावासा वाटला. हॅगनबाई जाताना म्हणाल्या, पास आहात.

घरी येईपर्यंत गाडीत मी एकटीच बडबडत होते. ड्वेनने सूप गरम करून ठेवलं होतं. त्याला सगळं सांगितलं, मग म्हटलं, "आता विद्यापीठ. अजून दोन वर्षं. चालेल तुला?"

'चालेल, तुला काय' अगदी ओठांवर आलं होतं. मी पाव मोडत बसले. सूप निवत चाललं.

"मागच्या वेळी चालणार नव्हतं," ड्वेन म्हणाला.

मी हातातला पाव खाली ठेवला.

"तू क्लासला गेलीस की घर खायला उठायचं. रेडिओ लावून बघितला. त्याला तुझी सर नाही." त्याने चमचा पुसला, पुन्हा सुपात घातला. "आता झाली सवय. तू जा. फक्त हे गप्प बसणं तिकडे शाळेत ठेवून येत जा."

मी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्याचं अजून संपलं नव्हतं.