न पुसलेली काच

मोठीने गच्चीचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली. दोन्ही काचा स्वच्छ होत्या.

एकच स्वच्छ असायला हवी होती. डावीवर तिचा लेप होता, पॉलिमरमध्ये नॅनोकण बसवलेला. त्यावर पाणी टिकत नाही. थेंब घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. उजवी साधी, तुलनेपुरती. समोरच्या कारखान्याच्या धुराड्यामुळे या घरावर अशी काजळी बसते की सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी ओळख देत नाही. म्हणून तर तिने चाचणीला बाबांची गच्ची निवडली होती. वर्षभर काचा उघड्यावर राहणार, कुणी हात लावायचा नाही, एवढीच अट.

मागून तपासनीस जिना चढून आले. प्रयोगशाळेत सगळे त्यांना खडूस म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. आज ते नाही म्हणाले की लेप कायमचा बासनात, आणि त्याच्यासोबत तिची उमेदीची सगळी वर्षं.

"दोन्हींत फरक काय?" खडूसांनी विचारलं.

तिने घाईघाईने बाटलीतलं पाणी ओतलं. डावीवरून थेंब सुसाट पळाले, उजवीवर पाणी पसरून बसलं.

"हे मी प्रयोगशाळेत पाहिलंय. मला वर्षभराची धूळ दाखवा. साधी काच इतकी स्वच्छ राहत असेल तर तुमचा लेप हवाय कुणाला?"

तिच्या तोंडचं पाणी पळालं. जिन्यात वाकून ती ओरडली, "काचांना कुणी हात लावला?"

धाकटी ओले हात झटकत वर आली. बाबांचं सगळं तीच बघायची.

"मला काय विचारतेस, ताई? दर फोनला तुझं एकच, काचा जागेवर आहेत ना? आहेत म्हटलं की फोन बंद. होत्या की जागेवर!"

तिच्यामागून भिंतीला धरत बाबा आले. खांद्यावर फडकं होतं.

"मी पुसली."

"बाबा! सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून? घात केलात माझा!"

"अगं, एक लख्ख आणि शेजारची काळीठिक्कर. बघवेना मला. दोन्ही तुझ्याच ना?"

खडूस पुढे झाले. "काका, दोन्ही पुसल्यात?"

"छे! ही एकच." बाबांनी उजवीकडे बोट दाखवलं. "त्या दुसरीला काय पुसायचं? पाऊस आला की आपली आपण धुऊन निघते. पहिल्यांदा फडकं घेऊन गेलो होतो, पण पुसण्यासारखं काही सापडेचना. मग तिच्याकडे बघायचंच सोडलं."

खडूसांनी खिशातून भिंग काढलं आणि गुडघे टेकले. उजव्या काचेवर फडक्याचे बारीक गोल ओरखडे होते आणि चौकटीच्या फटीत काजळी घट्ट बसली होती. डावीवर कडेपर्यंत काजळी नव्हती, आणि ओरखडा तर एकही नव्हता.

"खरंच हात लागलेला नाही," ते उठत म्हणाले. "झाली पास. काका, असा साक्षीदार मला शोधून सापडला नसता."

"सुटलीस गं बाई!" म्हणत धाकटी खडूसांना चहाला खाली घेऊन गेली.

मोठीला आनंद झाला, खूप झाला. तरी बाबांचं ते 'आपली आपण' तिच्या कानातून जाईना. लहानपणी धाकटी पडली की बाबा हातातलं टाकून धावायचे. मोठी पडली की म्हणायचे, उठेल ती आपली आपण. आणि ती उठायची. कुणी काही बोललं तरी पालथ्या घड्यावर पाणी, हिला काही लागतच नाही, असं तिचं घरभर कौतुक होतं. तिलाही ते आवडायचं.

बाबा जिन्याकडे वळले.

"बाबा," तिने हाक मारली. "चाचणी संपली. आता ही पुसलीत तरी चालेल."

बाबा परत आले. खांद्यावरचं फडकं काढून डाव्या काचेवर वाकले. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"कशाला गं? स्वच्छ तर आहे."

"असू दे," ती म्हणाली. "तरी पुसा."